सिनिअरचं चेंबर, औद्योगिक न्यायालय आणि पीएच.डी.

पत्र: मी २७ वर्षांची आहे. एलएल.एम. करून दोन वर्षांपासून पुण्यात एका सिनिअरकडे ज्युनिअर म्हणून काम करते. आमची बहुतेक मॅटर्स कामगार न्यायालयात आणि औद्योगिक न्यायालयात असतात, आणि जास्त करून मॅनेजमेंटच्या बाजूची. मागच्या वर्षी एका यूएलपी (अनुचित कामगार प्रथेच्या) तक्रारीत कंत्राटी कामगाराची उलटतपासणी ऐकली. नऊ वर्षांत तीन ठेकेदार बदलले. पण मशीन तेच, काम तेच आणि सुपरवायझरही तोच, असं तो सांगत होता. तेव्हापासून याच विषयावर पीएच.डी. करायचं मनात आहे. नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा झाली, जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिपही मिळाली. गाइड म्हणतात, पूर्णवेळ ये. सिनिअर म्हणतात, पीएच.डी. करायची तर कोर्ट विसर. मैत्रीण म्हणते, फेलोशिप घे आणि कोर्टातही उभी राहा, कोण बघायला येतंय? सिनिअर महिन्याला १२,००० देतात. घर माझ्या पैशांवर चालत नाही, पण खोलीचं भाडं माझं मला भरावं लागतं. हे दोन्ही एकत्र जमेल का? आणि मॅनेजमेंटचं काम करत कामगारांवर प्रबंध लिहिणं हा दुटप्पीपणा ठरेल का? (एक ज्युनिअर वकील, पुणे)

उत्तर:

तुमचं मूळ पत्र बरंच मोठं होतं, इथे त्याचा गाभा तेवढा छापला आहे. पत्राचा मोठा भाग त्या उलटतपासणीबद्दल आहे. साक्षीदाराने कुठे थांबून उत्तर दिलं, तुमच्या सिनिअरनी कोणता कागद दाखवला, न्यायाधीशांनी मध्येच काय विचारलं, हे सगळं तुम्ही बारकाईने लिहिलंय. विद्यापीठाबद्दल मात्र जेमतेम दोन ओळी आहेत. माझं उत्तर मी यावरूनच ठरवलं. तुम्हाला कोर्ट हवं आहे, आणि कोर्टात जे दिसतं ते नीट समजून घ्यायला संशोधन हवं आहे. म्हणून वकिलीची सनद चालू ठेवावी आणि पीएच.डी. अर्धवेळ करावी, असं मी सुचवेन. अर्धवेळ म्हणजे जेआरएफ सोडावी लागेल. हे लहान नुकसान नाही, त्यामुळे आधी त्याचाच हिशेब करू.

जेआरएफचे महिन्याला ३७,००० रुपये आहेत. पहिली दोन वर्षं ते मिळतात आणि पुढे एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाल्यावर ४२,०००. पाच वर्षं पूर्ण मिळाली तर मूळ रक्कमच २४ लाखांच्या आसपास जाते. तुमच्या १२,००० समोर हा आकडा ठेवला की कुणाचंही मन डळमळेल. उद्या घरात आजारपण आलं, भावंडाच्या शिक्षणाचा भार आला, तर माझा सल्ला बदलेल: फेलोशिप घ्या, बार कौन्सिलकडे अर्ज करून सनद स्थगित ठेवा आणि निश्चिंत मनाने पूर्णवेळ संशोधन करा. तोही तितकाच मानाचा रस्ता आहे. पण निर्णय घेण्याआधी फेलोशिपच्या पत्रावर रुजू होण्याची मुदत काय दिली आहे ती पाहून घ्या. हा पर्याय किती दिवस खुला राहणार हे त्यावरून कळेल.

मैत्रिणीचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. फेलोशिप पूर्णवेळ संशोधनासाठी असते आणि ती घेताना दुसरं कमाईचं काम करणार नाही असं तुम्ही लिहून देता. वकीलपत्रावरची तुमची सही, रोजनाम्यातलं (न्यायालयाच्या तारखेवारी नोंदींतलं) तुमचं नाव आणि ई-कोर्ट्सवर दिसणारी हजेरी या सार्वजनिक नोंदी आहेत. कधी तरी कुणी तरी तक्रार करेल आणि तेव्हा पैसे परत करण्यावर भागणार नाही, सनदेवरही येईल. आणि तुमचा विषय पाहा. कागदावर एक मालक आणि प्रत्यक्षात दुसरा, यावर तुम्ही प्रबंध लिहिणार आहात. तो लिहिताना स्वतःच्या कागदपत्रांत खोटं असलेलं तुम्हाला सहन होणार नाही.

फेलोशिप न घेता केलेल्या अर्धवेळ पीएच.डी.ला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या विनियमांनी स्पष्ट परवानगी दिली आहे. त्यात एक अट मात्र तुमच्यासारख्यांना अडचणीची आहे. अर्धवेळ उमेदवाराने जिथे नोकरी आहे तिथलं ना-हरकत प्रमाणपत्र आणायचं असतं: अभ्यासाला परवानगी आहे, कामातून पुरेसा वेळ मिळेल आणि कोर्सवर्कसाठी गरज पडल्यास मोकळीक देऊ, असं त्यात लिहिलेलं लागतं. ज्युनिअर वकील हा सिनिअरचा नोकर नसतो, मग हा कागद द्यायचा कुणी? काही ठिकाणी सिनिअरचं पत्र चालेल, काही ठिकाणी तुमचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र मागतील. विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागाकडून याचं उत्तर लेखी घ्या. खिडकीवरच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका. तसंच पत्र बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवालाही द्या: मी अमुक विद्यापीठात कायदा विषयात अर्धवेळ पीएच.डी.ला प्रवेश घेत आहे, कोणतीही फेलोशिप किंवा पगार घेत नाही, वकिली चालू ठेवणार आहे. वकिलाने पूर्णवेळ पगारी नोकरी करायची नाही, हे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतल्या ४९ व्या नियमात आहेच. पुढे एखाद्या विधी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवावंसं वाटलं, तर कायदा शिकवायला दिवसाला तीन तासांपर्यंत मुभा आहे. भाड्याला तेवढाच हातभार लागेल.

पीएच.डी. नेमकी कशासाठी हवी, हेही मनाशी स्पष्ट असू द्या. निव्वळ सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर एलएल.एम. आणि नेट तुमच्याकडे आहे. जुलै २०२३ पासून त्या पदाच्या थेट भरतीसाठी पीएच.डी. सक्तीची नाही. न्यायाधीश व्हायचा विचार असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली आहे, हे ध्यानात घ्या. तुमची दोन वर्षं झाली आहेत. आत्ता सनद स्थगित केली तर ते मोजमाप तिथेच थांबेल. तुमच्या पत्रात या दोन्हींचा उल्लेख नाही, पण पाच वर्षांनी माणसाच्या इच्छा बदलतात. निदान दार बंद होऊ नये.

आता विषयाकडे येते. सोबत जोडलेल्या आराखड्याला तुम्ही ‘कंत्राटी कामगारांचे हक्क: एक चिकित्सक अभ्यास’ असं नाव दिलंय. या नावाचा प्रबंध सहा वर्षांतही संपणार नाही आणि संपला तरी त्यातून कुणाला काही नवं कळणार नाही. तुमचा खरा प्रश्न त्या उलटतपासणीत आहे. मशीन तेच आणि सुपरवायझर तोच असताना कामगार कुणाचा, हे ठरवायचं कुठे आणि कुणी?

आपल्याकडे १९७१ चा महाराष्ट्र कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा आहे, ज्याला आपण सगळे एमआरटीयू म्हणतो. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली सहावी बाब तुम्हाला पाठ असेल: कामगारांना बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून वर्षानुवर्षं ठेवणं, कायमपणाचे लाभ मिळू नयेत म्हणून. २००९ मध्ये एसटी विरुद्ध कास्ट्राईब संघटना या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ही अनुचित प्रथा सिद्ध झाली तर औद्योगिक न्यायालय कामगारांना कायम करण्याचा आदेश देऊ शकतं. सरकारी सेवेतल्या तात्पुरत्यांना कायम करण्यावर मर्यादा घालणाऱ्या उमादेवी निकालाने तो अधिकार काढून घेतलेला नाही. तात्पुरत्या कामगाराला हा मोठा आधार आहे. कंत्राटी कामगाराला मात्र त्या दारापर्यंत पोचताच येत नाही, कारण २००१ चे कल्याणी स्टील्स आणि सिप्ला हे निकाल आडवे येतात. मालक-कामगार नातंच वादग्रस्त असेल तर एमआरटीयूखाली तक्रार चालणार नाही, आधी ते नातं दुसऱ्या मंचावर सिद्ध करून या, असं ते निकाल म्हणतात. मॅनेजमेंटच्या कैफियतीत (लेखी उत्तरात) पहिल्याच परिच्छेदात ‘तक्रारदार आमचा कामगार नाही’ हे वाक्य का असतं, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही स्वतःही ते टाइप केलं असेल.

दुसरा मंच म्हणजे जुन्या औद्योगिक विवाद कायद्याखालचा रेफरन्स, म्हणजे सरकारने वाद न्यायाधिकरणाकडे सोपवणं. तो रस्ता लांबचा होता, पण बंद नव्हता. मुंबई महापालिकेच्या कचरा वाहतूक करणाऱ्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना याच मार्गाने न्यायाधिकरणाकडून कायम केल्याचा निवाडा मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो २०१७ मध्ये उचलून धरला. कायम व्हायला कुणाला कोणता दरवाजा उघडतो आणि त्यात किती वर्षं जातात, हा माझ्या मते प्रबंधाचा विषय आहे. एखादं न्यायालय निवडा, दहा वर्षांचा कालखंड घ्या आणि ज्या तक्रारींत नात्याचा प्रश्न उपस्थित झाला त्यांचा माग काढा. प्राथमिक मुद्दा कधी काढला गेला, पुरावा घेण्याआधी की नंतर? हजेरीपट, पगारपत्रक, गेटपास, पीएफची नोंद यांपैकी कोणता कागद हजर करायला लावला गेला? अंतरिम आदेश मिळाला का? तक्रार फेटाळल्यावर कामगार रेफरन्सकडे गेले की तिथेच संपलं? या प्रश्नांची उत्तरं ग्रंथालयात नाहीत. ती रोजनाम्यांत आणि निशाण्यांत (पुरावा म्हणून दाखल झालेल्या कागदांत) आहेत, आणि ती वाचता येणं हे तुमचं कौशल्य आहे. रोजनाम्यातला ‘पुरसिस (पक्षकाराचं लेखी निवेदन) दाखल, तक्रारदार गैरहजर’ हा शेरा निव्वळ ग्रंथालयात वाढलेल्या संशोधकाला नुसता शेरा वाटेल. त्यामागे बाहेर झालेली तडजोड असू शकते, हे तुम्हाला कळतं.

वेळही नेमकी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा आता व्यावसायिक सुरक्षा संहितेत आहे. तिथे मूळ गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार नेमायला मनाई आहे, पण तिला अपवादही बरेच आहेत. केंद्रीय कायद्यातली लागू होण्याची मर्यादा २० कामगारांवरून ५० वर गेली. औद्योगिक संबंध संहितेत अनुचित प्रथांची स्वतंत्र अनुसूची आहे. आपला एमआरटीयू मात्र राज्याचा कायदा, त्या २९ मध्ये तो नाही. मग दोघांचं नातं काय? केंद्राचा आणि राज्याचा कायदा एकमेकांशी विसंगत असेल तर कोणता चालेल, हा संविधानाच्या अनुच्छेद २५४ चा प्रश्न इथे उभा राहतो आणि तो महाराष्ट्रातल्या हजारो तक्रारींना लागू होतो. यावर एक प्रकरण जरूर लिहा, पण सगळा प्रबंध त्यावर बेतू नका. संहितांचे नियम, दुरुस्त्या, निकाल येत राहतील आणि तुमचं लिखाण दर सहा महिन्यांनी जुनं होईल. घडून गेलेल्या दहा वर्षांचा अभ्यास जुना होत नाही. उलट नवी व्यवस्था किती बदलली हे मोजायला पुढच्यांना तोच लागेल.

यापुढचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. चेंबरमधली एकही फाइल प्रबंधात येता कामा नये. नावं बदलूनही नाही. पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं गुपित ठेवण्याचं बंधन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे आणि वकीलपत्र संपल्यावरही ते संपत नाही. कंपनीच्या एचआर मॅनेजरने सल्ल्यासाठी पाठवलेली मेल, ठेकेदाराशी झालेल्या कराराचा मसुदा, तडजोडीच्या बैठकीत ठरलेला आकडा, यांतलं काहीही तुमची ‘सामग्री’ नाही. ती तुमच्या डोळ्यांसमोर आली ती वकील म्हणून.

याहून नाजूक प्रश्न मुलाखतींचा आहे. बार कौन्सिलच्या ३४ व्या नियमानुसार, ज्या पक्षकाराला वकील आहे त्याच्याशी वादाच्या विषयावर त्याच्या वकिलाशिवाय परस्पर बोलायचं नसतं. आता कल्पना करा, तुम्ही चाकणला संशोधक म्हणून कामगारांच्या मुलाखती घेत आहात आणि समोरच्याची तक्रार तुमच्याच सिनिअरच्या अशिलाविरुद्ध चालू आहे. तो मनमोकळेपणाने सांगतोय आणि तुमची वही भरतेय. तुमचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी त्या माणसाच्या दृष्टीने हा विश्वासघात आहे, आणि विरुद्ध बाजूच्या वकिलाने तक्रार केली तर तुमच्याकडे उत्तर नाही. म्हणून अभ्यासाचं क्षेत्र पुण्याबाहेर ठेवा. नाशिक घ्या: सातपूर आणि अंबडच्या वसाहती, तिथलंच औद्योगिक न्यायालय. किंवा कोल्हापूर घ्या. तुमच्या चेंबरचं वकीलपत्र तिथेही एखाद्या मॅटरमध्ये असेल तर ते मॅटर वगळा आणि वगळल्याचं प्रबंधात पद्धतीच्या प्रकरणात लिहा. निकाली प्रकरणांच्या नकला रीतसर अर्ज करून, शुल्क भरून घ्या. ‘मी वकील आहे, दाखवा जरा’ म्हणून कारकुनाकडून फाइल चाळायची नाही. मुलाखतीला गेलात तर पहिल्याच वाक्यात सांगा, की मी वकील आहे, मॅनेजमेंटकडून कामं करते, पण इथे संशोधनासाठी आले आहे. काही जण उठून जातील. जाऊ द्या.

दुटप्पीपणाचा तुमचा प्रश्न यातूनच सुटतो, असं मला वाटतं. मॅनेजमेंटची बाजू मांडणं म्हणजे कंत्राटी पद्धत योग्य आहे असं मानणं नव्हे. वकील अशिलाची बाजू मांडतो, स्वतःची मतं गहाण टाकत नाही. उलट ठेका कसा रचला जातो, पगार कुणाच्या खात्यातून जातो, सुपरवायझर कुणाचं ऐकतो, हे मॅनेजमेंटच्या वकिलाइतकं कुणाला दिसत नाही. ही जाण तुमच्या प्रश्नांना धार देईल. दुटप्पीपणा होईल तो लपवलंत तर. प्रबंध पुढे शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर तुमच्या नावाने सगळ्यांना वाचायला मिळणार आहे. एखाद्या दिवशी युनियनचा प्रतिनिधी उभा राहून म्हणेल, ‘साहेब, मॅडमनी स्वतःच पान अमुकवर असं लिहिलंय.’ ते वाक्य ऐकायची तयारी तुमची हवी आणि सिनिअरचीही. युनियनच्या या माणसांशी बोलायची संधी सोडू नका, एवढं जाता जाता सांगते. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३६ ने वकिलांना समोरच्याच्या संमतीशिवाय आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय उभं राहू दिलं नाही, त्यामुळे या क्षेत्रात कामगार कार्यकर्ते स्वतः प्रकरणं चालवायला शिकले. सनद नसलेल्या, वर्षानुवर्षं उलटतपासण्या घेतलेल्या अशा माणसांकडे जे ज्ञान आहे ते कुठल्याही टीकाग्रंथात नाही, आणि ती पिढी आता थकली आहे.

सिनिअरशी बोलताना परवानगी मागितल्यासारखं बोलू नका, प्रस्ताव घेऊन जा. त्यांच्या बोलण्यामागे दोन भीती असू शकतात. बोर्डावर मॅटर लागलेलं असताना ज्युनिअर ग्रंथालयात असेल ही पहिली, आणि अशिलांची माहिती बाहेर जाईल ही दुसरी. दुसरीचं उत्तर वर आलंच. ते एका पानावर लिहून त्यांच्या हातात द्या: कोणतं न्यायालय, कोणती वर्षं, चेंबरची प्रकरणं वगळणार, लॅपटॉप वेगळा. पहिलीसाठी आठवड्यातला एक ठरलेला दिवस मागा. चार दिवस निम्मे मिळण्यापेक्षा एक पूर्ण दिवस मिळणं फार चांगलं, कारण पुकाऱ्याची वाट पाहत कॉरिडॉरमध्ये वाचन होतं, लेखन होत नाही. बदल्यात नव्या संहितांवरच्या निकालांची टिपणं दर महिन्याला चेंबरला देईन म्हणा. आज प्रत्येक कामगार वकिलाला त्यांची गरज आहे. आणि याच बैठकीत पैशांचाही विषय काढा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरी भागातल्या ज्युनिअरला किमान २०,००० रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली आहे. सक्ती नाही, पण कामगारांच्या किमान वेतनावर रोज युक्तिवाद करणाऱ्या चेंबरमध्ये हा विषय काढायला संकोच वाटायचं कारण नाही. दोन वर्षांच्या कामानंतर १२,००० कमीच आहेत.

ते तरीही नाहीच म्हणाले, तर चेंबर बदला. पुण्यात कामगार कायद्याची चेंबर्स आणखी आहेत, आणि युनियनच्या बाजूने काम करणारीही आहेत. दोन वर्षं मॅनेजमेंटची कैफियत लिहिलेल्या ज्युनिअरला तिथे मागणी असते. फक्त बाजू बदलताना जुन्या चेंबरच्या अशिलांविरुद्धची मॅटर्स हातात घ्यायची नाहीत.

गाइड पूर्णवेळचाच हट्ट का धरतात हे त्यांना विचारा. यूजीसीच्या नियमांत प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. जागा मोजक्या, त्यामुळे मध्येच सोडून जाणारा विद्यार्थी कुणालाच नको असतो. दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते, कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं असतं. त्या काळात तारखा सांभाळणं अवघड जाईल, तेव्हा सिनिअरना ते महिने आधीच सांगून ठेवा. मुदत सहा वर्षांची, पुढे पुनर्नोंदणीने वाढते आणि स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. सवलत आहे म्हणून ती धरून आखणी करू नका. अर्धवेळ विद्यार्थी घ्यायचा अनुभव असलेला मार्गदर्शक मिळाला तर तो निवडा, मग त्यांचं नाव थोडं कमी मोठं असलं तरी चालेल. त्यांच्या आधीच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना फोन करून प्रकरण वाचून परत यायला किती दिवस लागतात एवढंच विचारा.

या आठवड्यात तीन कागद करा: पीएच.डी. विभागाला ना-हरकत प्रमाणपत्राबद्दलचं पत्र, बार कौन्सिलला कळवणारं पत्र आणि सिनिअरसाठी ते एक पान. पहिल्या दोन पत्रांच्या प्रतींवर आवक क्रमांकाचा शिक्का आणि तारीख घ्या. फेलोशिप नाकारण्याचं पत्र मात्र या दोन्हींची उत्तरं हातात आल्याशिवाय पाठवू नका.